भोंगा वाजला, पुढं काय?

दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता भोंगा होतो. शाळेतली पोरंसुद्धा तो ऐकून उभी राहतात आणि दोन मिनिटं हलत नाहीत. त्या आवाजाचा अर्थ सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतो, म्हणून कुणाला काही सांगावं लागत नाही. हाच आवाज सप्टेंबरात, रात्री दोन वाजता, गोदावरीकाठच्या एखाद्या गावात झाला तर किती घरांत पुढचं पाऊल ठरलेलं असेल? परभणी जिल्ह्यापुरता हा प्रश्न धरून ठेवलेली ही टिपणं आहेत.

*

गोदावरी पाथरीच्या बाजूनं जिल्ह्यात येते आणि सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा अशी काठाकाठानं नांदेडकडं जाते. वर पैठणला जायकवाडीचे दरवाजे उचलले की खाली निरोप निघतो. जलसंपदा खात्याकडून जिल्हाधिकारी कार्यालय, तिथून तहसील, तहसीलमधून तलाठी आणि पोलीस पाटील, शेवटी गाव. पूर्वी शेवटचा टप्पा कोतवालाच्या दवंडीचा होता. आता तो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर गेला. निरोप तालुक्यापर्यंत लवकर पोहोचू लागला, ही सुधारणा खरीच आहे. पण दवंडीला एक गुण होता. ज्याच्याकडं काहीच नाही, जो झोपला आहे, ज्याला वाचता येत नाही, त्याच्याही दारावरून ती जायची. ग्रुपवरचा निरोप फोन उघडणाऱ्यालाच कळतो, आणि रात्री दोनला फोन कोण उघडतं?

*

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस जायकवाडीतून सोडलेलं पाणी ३ लाख क्युसेकच्या घरात गेलं होतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटरच्या आसपास. त्या हिशेबानं सेकंदाला सुमारे ८५ लाख लिटर. आकडा बातम्यांत दिवसभर फिरत होता. काठावरच्या माणसाला मात्र एवढंच हवं होतं, की पाणी माझ्या गोठ्यापर्यंत येणार का नाही.

ही अडचण सोडवायला फार खर्च लागत नाही. गंगाखेडच्या माणसाला घाटाची पायरी कळते, पुलाचा कठडा कळतो. खेड्यातल्या माणसाला मारुतीचा पार, स्मशानभूमीचं शेड, नदीकडंचा पहिला विजेचा खांब कळतो. इतक्या विसर्गाला पाणी पाराला लागतं, इतक्याला शाळेच्या ओट्याला, अशी खूण प्रत्येक गावात रंगवून ठेवता येईल. ऑगस्ट २००६ ला जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं होतं. ते कुठवर आलं होतं हे सांगणारी माणसं अजून गावात आहेत. २०२५ चं तर सगळ्यांच्याच डोळ्यापुढं आहे. या दोन रेघा भिंतीवर आल्या तर पुढच्या वेळी निरोपातल्या आकड्याला अर्थ येईल.

*

‘नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे.’ दर पावसाळ्यात ही ओळ येते. सतर्क राहायचं म्हणजे काय करायचं, हे ती सांगत नाही. गावातल्या जुन्या माणसाला मात्र न सांगता कळतं: काठावरच्या मोटारी काढायच्या, जनावरं दाव्यातून सोडून उंचावर न्यायची, धान्याची पोती माळ्यावर टाकायची, म्हाताऱ्या माणसाला आणि बाळंतिणीला दिवस असतानाच पाहुण्यांकडं पोहोचवायचं. हीच यादी त्या निरोपात लिहिली तर चार ओळी वाढतील. वाढू द्याव्यात.

*

भोंगा कसा ओरडतो ते समजून घेण्यासारखं आहे. आत मोटारीवर फिरणारं एक खाचांचं चाक असतं आणि त्याच्याभोवती तशाच खाचांची स्थिर चौकट. चाक फिरलं की हवेचा झोत क्षणात सुटतो, क्षणात अडतो. या तुटक झोतांचाच आवाज होतो. चाकाचा वेग वाढला की आवाज चढतो आणि कमी झाला की उतरतो. हातानं फिरवायच्या भोंग्याचंही तत्त्व हेच.

मोकळ्या रानात, शांत हवेत आवाज लांब जातो. वारा उलटा असला, पत्र्यावर पाऊस वाजत असला, दारं-खिडक्या लावून आत कूलर किंवा टीव्ही चालू असला, की तोच भोंगा दोन गल्ल्यांपलीकडं कळत नाही. अमेरिकेत वादळाच्या इशाऱ्याचे भोंगे गावोगाव खांबांवर आहेत, आणि तिथंही हे भोंगे घराबाहेरच्या माणसांसाठी आहेत असंच सांगितलं जातं. तो ऐकला की पक्क्या घरात जायचं आणि रेडिओ, फोन, टीव्हीवरून नेमकं काय आहे ते बघायचं. घरात झोपलेल्यांना उठवायला दुसरी सोय लागते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडं विसरून चालणार नाही. वादळ आलं की पहिली लाईट जाते. महावितरणच्या तारेवर चालणारा भोंगा नेमका त्या वेळी मुका होईल. म्हणून गावाचा भोंगा बॅटरीवर चालणारा हवा, नाहीतर सरळ हातानं फिरवायचा.

*

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. महाराष्ट्रात १६ ठिकाणं निवडली होती. मराठवाड्यातून छत्रपती संभाजीनगर होतं, परभणी त्यात नव्हतं. त्या निमित्तानं अनेकांना पहिल्यांदा कळलं की वर-खाली होणारा भोंगा धोक्याचा आणि एका सुरात लांबणारा भोंगा धोका टळल्याचा.

तीन दिवसांनी केंद्राच्या नागरी संरक्षण विभागानं वाहिन्यांना कळवलं, की लोकजागृतीचा कार्यक्रम सोडून इतर कशात भोंग्याचा आवाज वापरू नका. कारण असं दिलं, की रोज कानावर पडला तर खऱ्या वेळी लोक तो मनावर घेणार नाहीत. मला ही सूचना अगदी योग्य वाटली. लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत आणि पुढाऱ्याच्या ताफ्यात सायरन वाजवणाऱ्यांनाही ती लागू व्हायला हवी.

*

आमच्या जिल्ह्यात पाण्यापेक्षा विजेचा धोका जास्त पसरलेला आहे. पुराला काठ असतो. विजेला काठ नाही. ती जिंतूरच्या डोंगरावर पडते, तशी पालमच्या काळ्या रानातही पडते.

मराठवाड्यात विजांचे हंगाम दोन. एप्रिल ते जून हा एक काळ, आणि पाऊस परतताना सप्टेंबर-ऑक्टोबर हा दुसरा. वेळ बहुधा दुपार उलटल्यानंतरची. आता शेतीचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघा. पहिल्या काळात नांगरट-वखरणी आणि पेरणी, दुसऱ्यात सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी. म्हणजे ज्या दिवसांत वीज जास्त, त्याच दिवसांत रान माणसांनी जास्त भरलेलं.

विजेला कुठलाही सरकारी भोंगा वेळेत गाठू शकत नाही. हवामान खात्याची तीन तासांची सूचना येते: परभणी जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस. जिल्हा सहा हजारांहून जास्त चौरस किलोमीटरचा, आणि एक गडगडाटी ढग दहा-पंधरा किलोमीटरचा. सूचना आली म्हणून सगळ्या जिल्ह्यानं काम टाकून घरी बसावं, असं कुणी म्हणणार नाही. अशा सूचनेचा उपयोग एवढा की सकाळी रानात जाताना आज कान आभाळाकडं ठेवायचा, हे ठरतं. पुढचा इशारा आभाळच देतं. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकेल इतक्या जवळ ढग आला. विजांच्या बाबतीत गावाचा खरा भोंगा हाच आहे, आणि तो कुणाच्या परवानगीनं वाजत नाही.

*

मोजायची रीत सोपी आहे. लखलखाट दिसला की मोजायला लागायचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणून तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. काम थांबवायचं आणि आडोशाला जायचं. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास झाल्याशिवाय परत रानात उतरायचं नाही. हा अर्धा तास पाळणं सगळ्यांत अवघड, कारण पाऊस थांबलेला असतो, ऊन पडलेलं असतं, आणि काम पडलेलं असतं. मागं रेंगाळणारा ढग त्याच वेळी घात करतो.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे अॅप फोनवर घेता येतं. आपण उभे आहोत तिथून २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज कुठं पडते आहे, ते त्यात दिसतं. मुकादमाच्या किंवा शेतमालकाच्या एका फोनवर ते असलं तरी टोळीतल्या सगळ्यांचं काम होतं.

*

सोयाबीन काढणाऱ्या बायांच्या टोळीला मी झाडाखाली जाऊ नका म्हणालो. त्यांतली एक म्हणाली, “दादा, आभाळ गडगडायलं की लिंबाखालीच जातावं. दुसरं जावं कुठं? गाव राहिलं दोन किलोमीटर.”

तिच्या प्रश्नाला पत्रकातली सूचना पुरी पडत नाही. झाड धोक्याचं का, ते तिला सांगता येतं: वीज झाडावर पडली की तिचा झोत बाजूच्या माणसावर उडी घेतो, आणि जो जमिनीत उतरतो तो मुळांभोवती पसरतो. लिंबाखाली बांधलेले बैल म्हणूनच एकदम कोसळतात. पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, त्यामुळं जमिनीतला प्रवाह एका पायातून चढून छातीतून दुसऱ्या पायात उतरतो. पण जायचं कुठं, याचं उत्तर रानात असायला हवं. आखाड्यावरचं चार बाजूंनी उघडं पत्र्याचं शेड उपयोगाचं नाही. पक्क्या भिंतीची, स्लॅबची बंद खोली हवी. बंद जीप, टेम्पोची केबिन किंवा एसटी बसही चालते. मोटारसायकल आणि उघडा ट्रॅक्टर चालत नाही. शेततळ्यातून, विहिरीवरून आणि तारेच्या कुंपणापासून बाजूला व्हायचं. काहीच जवळ नसेल तर झाडापासून लांब, खोलगट जागी, एकमेकींत अंतर ठेवून, दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसायचं, कानावर हात आणि मान खाली. आडवं मात्र पडायचं नाही. हा शेवटचा उपाय आहे, त्यावर भरवसा ठेवून काम चालू ठेवू नये.

माझं म्हणणं असं, की प्रत्येक शिवारात, गावापासून लांबच्या रानांत, एक पक्की खोली असावी. पाणंद रस्त्यांसाठी योजना निघू शकते, तर अशा निवाऱ्यासाठीही निघू शकते. वरती वीजरोधक बसवला तर आणखी चांगलं. पण वीजरोधक ज्या इमारतीवर बसतो तिच्याभोवतीच्या थोड्या जागेला राखतो. तो बसवला म्हणजे सगळं गाव सुटलं, ही समजूत चुकीची आहे.

*

गुत्त्याची गोष्ट वेगळी लिहायला हवी. सोयाबीनची काढणी बऱ्याच ठिकाणी एकराच्या भावानं, गुत्त्यावर चालते. टोळीनं जितकं लवकर उरकलं तितका तिचा रोज जास्त पडतो. गडगडाट झाला म्हणून अर्धा-पाऊण तास बसायचं, तर तो तोटा टोळीचा. मालकही घाईत असतो, कारण सुडी भिजली तर वर्षाचं पीक काळं पडतं. दोघांनाही थांबायचं नसतं, आणि दोघांचीही कारणं खरी असतात. म्हणून हे सकाळीच, ढग नसताना, बोलून घ्यावं: गडगडलं की काम बंद, बसलेल्या वेळाचे पैसे मालक देईल, आणि ताडपत्री आधीच सुडीशेजारी ठेवलेली असेल. एका बाईच्या जिवापुढं अर्ध्या तासाचा रोज म्हणजे काहीच नाही.

*

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. त्याला हात लावला तर काही होत नाही. तरी गावोगाव लोक जवळ जायला भितात, आणि काही ठिकाणी शेणात किंवा मातीत पुरून ठेवायची जुनी समजूत अजून आहे. त्यात हातातला वेळ जातो. अशा माणसाचं हृदय आणि श्वास थांबलेला असू शकतो. तसं असेल तर लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरानं, मिनिटाला शंभरावर, दाबत राहायचं आणि दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा. बरेच जण यानं परत येऊ शकतात. शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांना हे एका तासात शिकवता येतं.

वीज पडून माणूस गेला तर वारसाला ४ लाख रुपये मिळतात, त्याला पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, हे प्रत्येक गावातल्या चार जणांना पाठ असतं. जनावराचे दरही माहीत असतात. मिळायलाच हवेत ते पैसे. पण छाती दाबायची कशी हे माहीत असणारा एकही जण गावात नसावा, याचं फार वाईट वाटतं.

*

रंगांबद्दल. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. ‘यलो अलर्ट’ पावसाळ्यात इतक्यांदा येतो की लोकांनी तो ऐकणं सोडलं. त्याला माझी हरकत नाही, पिवळ्यावर पळायचं नसतंच. अडचण नारिंगीची आहे. तयारी करायची ती नारिंगीला. लाल येईपर्यंत ओढ्यावरचा नळकांडी पूल पाण्याखाली गेलेला असतो. १ आणि २ सप्टेंबर २०२४ ला परभणी, हिंगोली, नांदेडमध्ये जो पाऊस झाला, त्यात गावांचे रस्ते असेच एकामागून एक बंद झाले.

२४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात, हे आमच्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहे, कारण पंचनामा त्यावर ठरतो. आकडा माणसाच्या कामाशी जोडला की तो लक्षात राहतो. नारिंगी रंगही तसाच एखाद्या कामाशी जोडायला हवा. उदाहरणार्थ, नारिंगी आला की पोरं ओढ्यापलीकडच्या शाळेत पाठवायची नाहीत.

*

परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून इथं आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथून हवामानावर आधारलेला कृषी सल्ला निघतो: फवारणी कधी थांबवा, काढलेलं पीक कधी झाका. याच जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातले पंजाबराव डख यांचे अंदाज महाराष्ट्रभर लोक मोबाईलवर ऐकतात. लोक का ऐकतात, ते शास्त्राच्या माणसांनीही समजून घ्यावं. त्यांना आपल्या भाषेत, तारखेसकट, आपल्यातलाच माणूस बोलतोय असं वाटणारं बोलणं हवं असतं. अंदाज मात्र कुणाचाही ऐकावा, इशारा फक्त हवामान खात्याचा आणि जिल्हा प्रशासनाचा धरावा. दहा दिवसांनी पाऊस येणार का हा एक प्रश्न, आणि पुढच्या तीन तासांत जीव कसा वाचवायचा हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर एकाच ठिकाणाहून यायला हवं, नाहीतर गोंधळात माणसं जातात.

*

बाहेरच्या तीन गोष्टी वहीत आहेत. तिन्ही अमेरिकेतल्या, कारण भोंग्याचा अनुभव त्यांना जास्त.

२२ मे २०११, मिझुरी राज्यातलं जोप्लिन. टॉर्नेडो वादळाचा पहिला भोंगा संध्याकाळी ५ वाजून ११ मिनिटांनी वाजला. लोक हलले नाहीत, कारण तिथं भोंगा नेहमीच वाजायचा. कुणी दारात येऊन आभाळ बघितलं, कुणी टीव्ही लावला. दुसरा भोंगा ५.३८ ला झाला, आणि काही मिनिटांत वादळ गावात घुसलं. दीडशेहून जास्त माणसं गेली. सरकारी तपासणीत हेच पुढं आलं, की पहिल्या इशाऱ्यावर बहुतेकांनी पाऊल उचललं नाही. त्यांना आणखी एक खूण हवी होती.

ऑगस्ट २०२३, हवाई बेटांवरचं लाहायना. वणवा गावावर आला, आणि सगळे भोंगे गप्प राहिले. अधिकाऱ्यांचं म्हणणं असं, की तिथं भोंगा म्हणजे समुद्राची लाट, लोक ऐकून डोंगराकडं पळाले असते, आणि आग डोंगराकडूनच येत होती. यावर पुष्कळ टीका झाली. पण एकाच आवाजाला एकच अर्थ पक्का बसलेला असेल तर दुसऱ्या संकटात तोच आवाज कसा अडचणीचा होतो, ते इथं दिसतं.

४ जुलै २०२५, टेक्सास. ग्वादालूपे नदीला पहाटे पूर आला. वरच्या कर काउंटीत नदीकाठी भोंगे नव्हते, तिथं शंभराहून जास्त माणसं बुडाली. खालच्या कम्फर्ट गावात भोंगा होता. तो वाजला, लोक निघाले, आणि त्या गावात कुणी गेलं नाही. कम्फर्टला पाणी उशिरा पोहोचलं, हा फरकही आहे. पण मिळालेला वेळ त्या गावानं वाया घालवला नाही.

*

वेळ गंगाखेडलाही मिळतो. पैठणहून सुटलेलं पाणी लगेच इथं येत नाही. वाटेत ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गलचे बंधारे आहेत. जायकवाडीचे दरवाजे उचलल्याची बातमी हाच आपला पहिला भोंगा. पण माजलगावचंही पाणी पुढं गोदावरीतच येतं, आणि वरून पाऊस चालू असला की ओढे उलटे फुगतात. म्हणून एकाच धरणाकडं बघून भागत नाही.

पूर्णेच्या बाजूला साखळी आणखी जवळची. बुलढाण्यातल्या खडकपूर्णाचं पाणी येलदरीत, येलदरीचं खाली सिद्धेश्वरात, तिथून पूर्णा नदीनं पुढं. दुधनेचं पाणीही पुढं पूर्णेलाच मिळतं. जिंतूरला येलदरी भरत आलं की पूर्णा तालुक्यातल्या माणसानं झोप हलकी ठेवावी.

*

फोनवर आता सरकारचा मोठा आवाज येतो. २०२३ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा फोन एकाएकी किंचाळू लागले आणि माणसं दचकली. टॉवरच्या टापूतल्या सगळ्या फोनवर एकदम जाणारा हा निरोप आहे. सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करू नये, एवढं ज्याला त्याला सांगत राहावं. पण टॉवरची बॅटरी संपली, किंवा फोन साध्या बटणाचा असला, किंवा घरात एकच फोन असून तो धन्याबरोबर बाहेर गेलेला असला, तर घरातल्या बाईपर्यंत काही येत नाही. तिच्यासाठी देवळाचा किंवा मशिदीचा लाऊडस्पीकर हवाच. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद ठेवायचा नियम आहे, पण सार्वजनिक आणीबाणीला त्याच नियमात सूट आहे. पोलीस पाटलानं आणि सरपंचानं हे पुजाऱ्याला आणि मौलवींना आधीच सांगून ठेवावं. त्या घटकेला कायद्याची शंका निघता कामा नये.

नाशिक, पुणे, नगरकडच्या अनेक गावांनी ग्रामसुरक्षा यंत्रणा घेतली आहे. गावातला एक माणूस टोल फ्री क्रमांकावर बोलतो आणि त्याचा आवाज गावातल्या सगळ्या फोनवर वाजतो. चोर, बिबट्या, आग, पूर, सगळ्याला चालते. ऐकणाऱ्याला ओळखीचा आवाज येतो, हा तिचा मोठा गुण.

*

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा होतो, तो ऐकला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल दीड तास बंद होतात आणि पोरं अभ्यासाला बसतात. गावानं ग्रामसभेत ठरवलं, घरोघर जाऊन सांगितलं, रोज पाळलं. भोंग्याचं यंत्र यात सगळ्यांत स्वस्त. अर्थ बसवायला कष्ट पडले, आणि ते एका गावाला जमले.

*

आजच्या बांगलादेशात १९७० च्या चक्रीवादळात लाखो माणसं गेली. त्यानंतर त्यांनी किनाऱ्यावर स्वयंसेवक उभे केले. त्यांच्याकडं हातानं फिरवायचा भोंगा, कर्णा आणि झेंडे. आज त्यांची संख्या हजारोंच्या पटीत आहे आणि त्यांत बायाही आहेत. इतकं गरीब राष्ट्र हे करू शकलं. आमच्याकडं पुणेकरांना १२ जुलै १९६१ ची पानशेतची धरणफुटी आठवते, चिपळूणकरांना २ जुलै २०१९ च्या रात्रीची तिवऱ्याची. दोन्हीकडं माणसाला पळायला सांगणारा आवाज वेळेत झाला नाही.

धरण सुरक्षा कायदा २०२१ चा आहे. मोठ्या धरणांच्या मालकांनी आणीबाणीचा आराखडा पाच वर्षांत तयार करायचा, असं त्यात सांगितलं आहे. ती मुदत २०२६ च्या डिसेंबरअखेर पुरी होते. येलदरी, निम्न दुधना, जायकवाडीचे आराखडे काय म्हणतात, आपल्या गावाचं नाव त्यांत आहे का, इशारा कोण देणार आणि कुठं जायचं, हे विचारण्याचा आपला हक्क आहे.

*

ग्रामसभा १ मे ला असते. पाऊस महिन्यावर आलेला असतो, म्हणून हीच ग्रामसभा या कामाची. विषयपत्रिकेवर एक विषय वाढवा: गावाचा इशारा. भोंगा कोणाच्या घरी राहील, तो गावात नसेल तर दुसरं कोण, वर-खाली वाजला की काय करायचं आणि एका सुरात वाजला की काय, जनावरं कुठल्या उंचीवर, म्हातारी माणसं कुणाच्या ट्रॅक्टरमधून, शाळेच्या खोलीची किल्ली कुणाकडं. सगळ्यांसमोर लिहून घ्या आणि पंचायतीच्या भिंतीवर लावा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी तो वाजवून बघा, बाकी दिवस त्याला हात लावू नका. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. तोही त्याच भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.